आइसपॅक कानाशी हलवून बघा

मलावीत गावोगावच्या लसीकरणावर होतो तेव्हाची गोष्ट. पहाटे फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक तसेच व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या थंड डब्यात, भरले नि मोटारसायकलवर निघालो. दोन तास नुसती लाल माती. पोचून पाहतो तर पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या, कडेच्या कुप्या गोठलेल्या! ही लस २ ते ८ अंशांतच हवी. गोठली की बादच. बाया पोरं पाठीला बांधून चालत आलेल्या, त्यांना काय तोंड दाखवणार?

दुसऱ्या दिवसापासून पॅक आधी बाहेर काढून ठेवू लागलो. हलवल्यावर आत पाणी डुचमळलं, की मगच भरायचे. उन्हाळ्यात पटकन होतं, थंडीत ताटकळावं लागतं. आता ठाण्यात येऊरच्या पाड्यांवर जातानाही तेच. आमच्या आशाताई हसतात, "दादा, बर्फ काय बोलला?"