बिग बँड स्विंग मंचावर आणताय? या चुका टाळा

स्विंग म्हणजे १९३० च्या दशकात मोठ्या बँडनी नाचासाठी वाजवलेलं अमेरिकन जॅझ. त्याचं नोटेशन मिळतं, ट्रम्पेटवाले जमतात, पांढरे कोट शिवून येतात. तरी पहिल्या तालमीत सगळं कवायतीसारखं वाजतं. खापर बहुतेक वेळा ब्रासवर, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवर फुटतं. दोष मात्र सहसा ऱ्हिदम सेक्शनमध्ये, म्हणजे ड्रम, बास, गिटार आणि पियानोत असतो.

ड्रमरचा हात रॉकवर बसलेला असेल तर पायानं वाजणारा बास ड्रम दणकत राहतो. १९३० च्या दशकात त्यावर चारही मात्रा वाजत, पण बऱ्याचदा इतक्या हलक्या की त्या वेगळ्या ऐकू येऊ नयेत, डबल बासला फक्त बूड मिळावं. (क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडमधला ड्रमर जीन क्रुपा दणदणीत वाजवायचा, हे खरं. पण सुरुवात त्याच्यापासून करू नका.) पियानोवादक काउंट बेसीच्या बँडमध्ये ड्रमर जो जोन्सनं ठेक्याचा मुख्य भार हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर नेला. त्याच बँडात १९३७ मध्ये आलेला गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९८७ मध्ये वारला, तोवर जवळजवळ अखंड तिथेच होता. सोलोच्या वाटेला तो क्वचितच गेला. साध्या अकूस्टिक गिटारवर दर मात्रेला एक तुटक कॉर्ड, बस्स. तालमीत बाकीच्यांना गप्प बसवा आणि या चौघांनाच वाजवू द्या. ॲम्प्लिफायरशिवाय गिटार ऐकू येत नसेल तर ड्रम मोठा आहे. गिटारचा आवाज वाढवू नका, ड्रमचा उतरवा.

दुसरी गफलत स्विंगच्या हिशेबाची. कागदावर दोन सारखे स्वर लिहिलेले असतात आणि शिकवणारा सांगतो, तिस्र अंगानं म्हणा: पहिला दोन भागांचा, दुसरा एकाचा. मध्य लयीत हे चालून जातं. द्रुत लयीत तोच हिशेब रेटला की सॅक्सोफोन उड्या मारायला लागतात. लय चढेल तसे दोन्ही स्वर समान होत जातात, आणि हे मोजून नाही, जुन्या रेकॉर्डबरोबर गाऊनच बसतं.

माणसं किती घ्यायची? आजचा १७ जणांचा ठराविक साचा नंतरचा. १९३८ मध्ये गुडमनकडे तीन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन आणि चार सॅक्सोफोन होते. त्याच अरेंजमेंटवर (वाद्यांना वाटून दिलेल्या बांधणीवर) आठ ब्रास बसवलेत तर ती जड होणारच.

माइकच्या बाबतीत साउंडवाल्याशी आधीच बोला. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक लावला की सेक्शनचा एकजीव आवाज फुटतो. बँडलीडर ग्लेन मिलरची खास गोडी घ्या: वर क्लॅरिनेट, त्याच सुरावटीत खालच्या सप्तकात टेनर सॅक्सोफोन आणि मधल्या जागा भरणारे बाकीचे सॅक्सोफोन. क्लॅरिनेट एकटा वर काढलात की ती संपली. सेक्शनपुढे एखाद-दुसरा माइक ठेवा, सोलोवाला उठून पुढे येईल. आणि सेक्शनमधल्या सगळ्यांचा व्हायब्रॅटो (स्वराचं कंपन) मुख्य वादकाशी जुळवून घ्या. एकाचा जरी वेगळा पडला तरी सूर चुकल्यासारखा भास होतो.

सोलोची नक्कल हा वादाचा विषय. मिलरच्या 'इन द मूड'मधली दोन टेनरची देवाणघेवाण आता त्या चालीचाच भाग झाली आहे, ती ठेवावी. पण १६ जानेवारी १९३८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये 'सिंग, सिंग, सिंग'च्या शेवटाकडे जेस स्टेसीनं वाजवलेला पियानो ठरलेला नव्हता. गुडमननं ऐन वेळी त्याला जागा दिली. तो स्वरन् स्वर पाठ करून वाजवणं मला तरी उलटं वाटतं. पियानोवाल्याला ती जागा द्या, पण मोकळी.

रेकॉर्डच्या लांबीलाही बांधून घेऊ नका. दहा इंची ७८ आरपीएम रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण तीनच मिनिटं मावत. न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये लोक नाचायला येत, तिथे घड्याळापेक्षा फ्लोअरकडे बघूनच वाजवावं लागे. म्हणून पहिल्या दोन रांगांच्या खुर्च्या काढता आल्या तर काढा. पाय अडखळू लागले की लय कुठे पळाली, हे नाचणारे तुम्हाला मंचावरच्या मॉनिटर स्पीकरआधी कळवतील.