रूट ब्रिज तुम्ही ठरवा, स्विचवर सोडू नका

मागच्या पावसाळ्यात अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेलो होतो, सकाळपासून नेट बंद, बिलं निघेनात, गेटवर माल भरलेल्या गाड्या खोळंबलेल्या. रॅक उघडला तर सगळ्या पोर्टचे दिवे एका तालात फडफडत होते, एकही थांबेना. असं दिसलं की लूपच आहे समजायचं, म्हणजे केबल फिरून परत त्याच नेटवर्कला लागलेली. शेवटी डिस्पॅचच्या टेबलाखाली पाच पोर्टचा साधा स्विच सापडला, कुणीतरी झाडताना लोंबणाऱ्या पॅचकॉर्डचं मोकळं टोक त्याच स्विचमध्ये खोचून ठेवलेलं.

इथरनेटच्या फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) आयपीसारखा टीटीएल, म्हणजे किती टप्प्यांनंतर टाकून द्यायचं तो आकडा, नसतो, म्हणून एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना जाणारी फ्रेम) लूपमध्ये शिरला की फिरतच राहतो आणि प्रत्येक फेरीला वाढतो. स्पॅनिंग ट्री (एसटीपी, स्विचमधला लूप टाळणारा प्रोटोकॉल) जास्तीचा रस्ता बंद ठेवतो तो यासाठीच. कुठला रस्ता चालू ठेवायचा ते ज्या मुख्य स्विचपासून मोजतात तो रूट ब्रिज, थोडक्यात रूट.

आता सिस्कोवर काय करायचं ते सांगतो. आधी 'शो स्पॅनिंग-ट्री' मारा आणि रूट कोण आहे ते बघा. प्रायॉरिटी (सगळ्यात लहान आकडा असेल तो रूट) सगळीकडे डीफॉल्ट 32768 असते, त्यामुळे ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस (हार्डवेअरचा क्रमांक) सगळ्यात लहान तो रूट होतो, आणि तो बहुतेक वेळा कोपऱ्यातला सगळ्यात जुना स्विच निघतो, मग सगळा ट्रॅफिक त्या बिचाऱ्यावरून. म्हणून कोअर (मध्यवर्ती) स्विचवर 'स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन 10 प्रायॉरिटी 4096' द्या, दुसऱ्या कोअरला 8192. आकडा 4096 च्या पटीतच लागतो, मधला घेत नाही. व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्क) जास्त असतील तर सगळ्यांना द्यायचं, एक विसरलात की त्या व्हीलॅनचा रूट भलतीकडेच.

मोड 'रॅपिड-पीव्हीएसटी' ठेवा, हा एसटीपीचा सिस्कोवरचा वेगवान प्रकार. जुन्या एसटीपीत लिंक तुटली की परत जुळायला 30 ते 50 सेकंद जातात, तेवढ्यात ऑफिसातून फोन सुरू होतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच असतील तर एमएसटीपी (व्हीलॅनचे गट करून चालणारा प्रकार) बरा, फक्त रिजनचं (एकत्र चालणाऱ्या स्विचच्या गटाचं) नाव, रिव्हिजन नंबर आणि व्हीलॅन मॅपिंग सगळीकडे तंतोतंत एकच पाहिजे.

पीसी, प्रिंटर, कॅमेऱ्याच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट वाट न बघता लगेच चालू करणारी सेटिंग) लावा आणि त्यासोबत बीपीडीयू गार्ड लावाच लावा. बीपीडीयू म्हणजे स्विच एकमेकांना पाठवतात ते एसटीपीचे संदेश, ते अशा पोर्टवर आले की गार्ड पोर्ट बंद करतो. हे दोन्ही असते तर त्या टेबलाखालच्या लूपमधून स्विचचाच बीपीडीयू परत आला असता आणि तो एकच पोर्ट एरर-डिसेबल होऊन पडला असता, कारखाना चालू राहिला असता. केबल काढल्यावर त्या पोर्टला शट, नो शट केलं की चालू. कोअरकडे जाणाऱ्या अपलिंकवर मात्र हे लावू नका, अपलिंकच बंद पडेल.

राऊटरच्या एल-थ्री (आयपीवर चालणाऱ्या) पोर्टवर एसटीपीचा प्रश्नच येत नाही, पण मायक्रोटिकसारख्या राऊटरवर पोर्ट ब्रिजमध्ये (स्विचसारखे एकत्र) घेतले असतील तर त्या ब्रिजचा मोड आरएसटीपी (वेगवान एसटीपी) आहे का बघा.

सगळं झालं की शिफ्ट सुटल्यावर पिंग चालू ठेवून एक अपलिंक उपटून बघा, दोन-चारच पिंग चुकले तर ठीक. आणि 'राईट मेमरी' मारून, म्हणजे सेटिंग सेव्ह करूनच निघा, आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.