चार टेकूंवरील पातळ स्लॅबची कंपने मोजताना या चुका टाळा

खांबांवर टेकलेल्या स्लॅबची प्रतिकृती म्हणून ३० सेंमी बाजूचा, १ मिमी जाडीचा ॲल्युमिनिअमचा चौरस पत्रा चार कोपऱ्यांवर टेकवला, तर पहिली नैसर्गिक वारंवारता (ठोका दिल्यावर पत्रा आपोआप सेकंदाला जितक्या वेळा कंप पावतो ती) सुमारे २० हर्ट्झ, पुढची समान जोडी, म्हणजे दुसरी आणि तिसरी, ४४ च्या आसपास आणि चौथी ५३-५४ हर्ट्झ यायला हवी. मोजमाप जुळले नाही की विद्यार्थी सूत्रावर शंका घेतात. आधी या आकड्यांची परस्पर गुणोत्तरे तपासावीत. सगळ्याच वारंवारता एकाच प्रमाणात उतरल्या असतील, तर जाडी मायक्रोमीटरने पुन्हा मोजावी, कारण ०.९५ मिमीचा पत्रा एवढ्यानेच ५ टक्के घट दाखवतो. गुणोत्तरेच बिघडली असतील, तर दोष बहुधा टेकूंत असतो.

वॉशर घालून बोल्ट आवळला की तो बिंदू-आधार राहत नाही. कोपऱ्याचे वळणे अडते आणि वारंवारता वाढते. त्याऐवजी वरून-खालून टोकदार स्क्रू हलकेच टेकवावेत. चार टेकूंपैकी एक अधांतरी राहणे तर नेहमीचेच, म्हणून प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी सरकवून पाहावी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो. पोलादी चौकटीत जखडलेला ॲल्युमिनिअमचा पत्रा चौकटीपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, त्यात दाब साठतो आणि सकाळची वारंवारता दुपारी मिळत नाही. टेकू उभ्या दिशेने लवचिक आहेत का, हे चौथे कंपनरूप (चौथ्या वारंवारतेला पत्रा ज्या आकारात हलतो तो) सांगते: त्याच्या निस्पंद रेषा, म्हणजे न हलणाऱ्या रेषा, कर्णांवरून, म्हणजे टेकूंवरूनच जातात. त्यामुळे पहिल्या तीन वारंवारता घसरूनही चौथी जागेवर राहिली, तर टेकूच दबत आहेत असे समजावे.

ठोका आणि संवेदक (कंपन टिपणारे उपकरण) मध्यबिंदूवर ठेवण्याचा मोह टाळावा. दुसरे, तिसरे आणि चौथे कंपनरूप तिथे निस्पंद असल्याने वारंवारतेच्या आलेखात त्यांचे शिखर उमटतच नाही. सममितीच्या कोणत्याही रेषेवर नसलेली जागा निवडावी. जोडीची दोन शिखरे किंचित वेगळी दिसली, तर त्यांची सरासरी काढू नये. पत्रा किंवा टेकू पूर्ण सममित नसल्याचा तो पुरावा आहे.

ठोका न देता एक नोंद अवश्य घ्यावी. विजेचे ५० हर्ट्झचे शिखर ४४ आणि ५४ च्या मधोमध बसून कंपनरूपाचा आभास निर्माण करते, आणि जवळ यंत्रमाग चालू असतील तर जमिनीतूनही कंपने येतात. एका सेकंदाच्या नोंदीत १ हर्ट्झपेक्षा बारीक फरक कळत नाही. दहा सेकंद नोंद करावी.

हा पत्रा जेमतेम २४० ग्रॅमचा असल्याने १० ग्रॅमचा संवेदकही वारंवारता काही टक्क्यांनी उतरवतो. संवेदकाशेजारी तेवढेच वजन चिकटवून पुन्हा मोजावे आणि जेवढी घट दिसेल, साधारण तेवढी मूळ वाचनात मिळवावी.