‘वर्मी घाव’ लिहिताना या चुका टाळा

मुद्रितं तपासताना एकदा समोर वाक्य आलं: ‘अखेर महामंडळावर त्यांची वर्मी लागली.’ बिचाऱ्याला दोन वर्षं ताटकळून पद मिळालं होतं! लागली होती ती वर्णी. एका अक्षराचा घोटाळा, पण तो वर्षातून दोनतीनदा तरी भेटतोच. पदावर वर्णी लागते. टोमणा वर्मी लागतो.

खरी गफलत मात्र अर्थाची. वर्मी घाव म्हणजे मोठा घाव, असं धरून ‘भयंकर वर्मी घाव’ असं लिहितात. वर्म म्हणजे मर्म, नाजूक जागा. घाव किती खोल गेला हा प्रश्नच नाही, तो कुठे बसला ते बघायचं. सासूबाईंनी भरल्या पंगतीत सहज विचारावं, ‘आमटी आज विकतची का गं?’ आवाज चढलेला नाही, शिवी नाही, तरी घाव वर्मीच.

वर्मी घाव बसला की माणूस मेलाच पाहिजे, असंही नाही. सुश्रुताने शरीरात 107 मर्मं सांगितली आहेत. त्यांतली सद्यःप्राणहर, म्हणजे घाव बसताच जीव घेणारी, फक्त 19. 44 जागी अवयव अधू होतो. तीन मर्मं तर अशी, की बाण रुतलेला आहे तोवर माणूस जगतो, उपटला की जातो. तेव्हा ‘वर्मी घाव बसूनही तो वाचला’ या वाक्यावर लाल रेघ मारू नका.

उलट ‘प्राणघातक हल्ल्यातून बचावले’ हे शब्दशः पाहिलं तर विचित्रच. पण ते इतकं रुळलंय की मी नाद सोडला. माणूस गेलाच असेल तर ‘प्राणघातक हल्ल्यात मृत्यू’ कशाला? ‘हल्ल्यात मृत्यू’ पुरे.

क्रियापदंही सांभाळा. वार करतात, घाव घालतात. अपघाताच्या बातमीत ‘काळाने घाव घातला’ असं येतं, तिथे हवा ‘घाला’, म्हणजे अचानक पडलेली धाड.

आणि अर्थ बघायला संस्कृत कोश उघडलात तर दचकू नका. तिथे ‘वर्म’ म्हणजे चिलखत.