थंडीत फ्लॅट उबदार कसा ठेवावा? हीटर घेण्याआधी करून बघायच्या गोष्टी

नाशिक-निफाड काय किंवा पुणे काय, आपल्याकडची थंडी कोरडी. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा काही पहाटे 5 अंशांच्याही खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याची बातमी होते. पण त्याच दिवशी दुपारी बाहेर 25 अंशांच्या आसपास तापमान असतं. म्हणजे ऊब रोज फुकटात दाराशी येते. आपण मात्र सकाळी सातला केर काढताना घरभर खिडक्या उघडून ठेवतो आणि दुपारी सोफ्याचा रंग उडेल म्हणून पडदे ओढून घेतो. सुरुवात इथूनच करायची.

1. खिडक्यांचं वेळापत्रक बदला

पारा सर्वांत खाली असतो तो सूर्योदयाच्या सुमाराला. त्यामुळे सकाळी खिडक्या बंदच ठेवा, फार कोंदट वाटलं तर पाच मिनिटं उघडा. अकरानंतर बाल्कनीत हात बाहेर काढून बघा. घरापेक्षा बाहेर ऊबदार वाटलं की सगळ्या खिडक्या सताड उघडा आणि दुपारची हवा घरात येऊ द्या. साडेचार-पाचला, म्हणजे सूर्य मावळायच्या आधीच, सगळं बंद. दिवेलागणीनंतर खिडक्या लावल्या तर दिवसभराची कमाई गेलीच म्हणून समजा.

दक्षिणेच्या खिडकीकडे विशेष लक्ष द्या. डिसेंबरात नाशिकला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 46-47 अंशांवर असतो. त्यामुळे मे महिन्यात छज्जाखाली न शिरणारं ऊन आता खोलीत आतपर्यंत येतं. तिथला पडदा दिवसभर पूर्ण बाजूला सारा, काचा पुसा, ग्रिलवर वाळत घातलेल्या चादरी दुसरीकडे हलवा. गाद्या-उशाही त्या उन्हात टाका. उत्तरेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन येतच नाही, म्हणून तिचा पडदा दिवसाही ओढलेला राहिला तर काही बिघडत नाही.

2. फटी शोधा

रात्री पंखे बंद करून एक उदबत्ती पेटवा आणि खिडक्या-दारांच्या कडेने, पडद्यांपासून जपून, हळूहळू फिरवा. धूर जिथे आडवा पळेल तिथून वारा आत येतोय.

सगळ्यात मोठी चोर असते अॅल्युमिनियमची सरकती खिडकी. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे केसाळ पट्टी असते, ती चार-पाच वर्षांत झिजते. अॅल्युमिनियमचं काम करणाऱ्याकडे ती मीटरवर मिळते आणि स्क्रू ड्रायव्हरने बदलता येते. ते जमत नसेल तर जुन्या सुती साडीची पट्टी फटीत दाबून बसवा, फेब्रुवारीत काढून टाका. सिलिकॉनने मात्र खालचा ट्रॅक बुजवू नका. त्यातली भोकं पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात, ती बंद झाली तर जूनमध्ये पाणी घरात येईल.

मुख्य दार आणि ड्राय बाल्कनीचं दार यांच्या खालच्या फटीला दुहेरी फोमचा डोअर गार्ड शे-दोनशे रुपयांत येतो. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक पुट्टीने भरा.

आता काय बुजवायचं नाही ते. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली झडप, एक्झॉस्टचं भोक, काहीही झाकू नका. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि दर हिवाळ्यात त्याने माणसं दगावतात. स्वयंपाकघरातली गॅससाठी ठेवलेली झरोक्याची जाळीही तशीच मोकळी राहू द्या. खोलीत शेगडी पेटवून दार लावून झोपणं हाही त्यातलाच प्रकार.

3. काच आणि फरशी

एकेरी काचेतून ऊब भराभर जाते. टीव्ही-फ्रिजसोबत आलेला बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद टाकून दिला नसेल तर बाहेर काढा. काचेवर पाणी शिंपडून बुडबुड्यांची बाजू आत, काचेकडे करून तो चिकटवा. दिसायला सुंदर नाही, पण उत्तरेच्या खिडकीतून तसंही समोरची पार्किंगच दिसते. पडद्याला आतून जुन्या चादरीचं अस्तर शिवून घ्या आणि तो खिडकीच्या चौकटीच्या खाली वीतभर तरी उतरेल असा लावा.

व्हिट्रिफाइड टाइल्स पायातली ऊब ओढून घेतात. जिथे पाय टेकतात तिथेच सतरंजी किंवा चटई घाला: पलंगाशेजारी, टेबलाखाली, मुलं खेळतात तिथे. पूर्ण हॉलभर गालिचा घालायची गरज नाही.

4. झोपायची जागा

दोन महिन्यांसाठी खोली बदलता आली तर जरूर बदला. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. उन्हाळ्यात नकोशी असलेली ही खोली जानेवारीत घरातली सर्वांत चांगली. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ओढा, विशेषतः नव्या इमारतींत, जिथे विटेऐवजी सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात. काँक्रीट विटेपेक्षा लवकर गार पडतं.

पांघरुणांची थप्पी वाढवण्याआधी एक गोधडी खाली घाला, कारण अंगाखाली दबलेली गादी फार ऊब धरत नाही. वर आधी सोलापुरी चादर, मग घोंगडी, म्हणजे टोचतही नाही. डासांसाठी मच्छरदाणी लावा. तिच्या आत वारा कमी फिरतो हा वरचा फायदा, आणि डास पळवायला पंखा लावून वर दोन रजया घ्यायची आपली सवयही सुटते.

5. आणि मग हीटर

आता हिशोब. 2000 वॅटचा हीटर रोज तीन तास चालला तर 6 युनिट, महिन्याला 180. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटनंतर वाढतो, म्हणजे यातली बरीच युनिटं महागड्या टप्प्यात जातात. त्याउलट शेकायच्या रबरी पिशवीसाठी दोन लिटर पाणी गरम करायला लागतं साधारण 0.1 युनिट. अंथरुणात पायाशी दहा मिनिटं आधी ठेवलेली रबरी पिशवी बहुतेकांना पुरते. उकळतं पाणी भरू नका, पिशवी दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, टॉवेलात गुंडाळा.

घरात तान्हं बाळ किंवा वयस्क माणसं असतील तर हीटर लागेलही. एसीला गरम हवेची सोय असेल तर आधी ती वापरा, तेवढ्याच ऊबेला हीटरपेक्षा बरीच कमी वीज लागते. हीटरच घ्यायचा तर एकच छोटी खोली बंद करून झोपायच्या आधी अर्धा तास चालवा आणि झोपताना बंद करा. तो 16 अँपियरच्या सॉकेटलाच लावायचा, एक्स्टेन्शन बोर्डला कधीच नाही, आणि त्यावर मोजे वाळत घालायचे नाहीत.