जेलीफिनवर व्हिडिओ अडकतोय? आधी हे बघा

जेलीफिन म्हणजे घरच्या सर्व्हरवरचे (कॉम्प्युटरवरचे) व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. त्यावर व्हिडिओ सारखा अडकत असेल तर लगेच नेटला दोष देऊ नका, आधी जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडून ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं) चालू आहे का बघा, कारण एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ फॉरमॅटवाली फाईल जुन्या टीव्हीला झेपत नाही, मग सर्व्हर ती चालता चालता बदलत बसतो आणि जुना सीपीयू १०० टक्क्यांला टेकतो. ती आधीच एच २६४ या जुन्या फॉरमॅटमध्ये करून ठेवा, बराच त्रास वाचतो.

आमच्याकडं खानापुरात पावसाळ्यात लाईट सारखी जाते, राऊटर परत चालू झाला की कधी कधी सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलतो आणि टीव्हीला सर्व्हरच सापडत नाही, म्हणून राऊटरमध्ये सर्व्हरसाठी तोच आयपी रिझर्व्ह करून टाका की! सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये जेलीफिनचा पोर्ट ८०९६ पण उघडा. आणि छोटा का होईना यूपीएस घ्याच, अचानक बंद पडून जेलीफिनचा डेटाबेस बिघडला तर तो परत नीट करायला खूप जीवावर येतं.

लायब्ररी रिकामी दिसली तर जेलीफिनला व्हिडिओंचा फोल्डर वाचायची परमिशन आहे का बघा.