शून्य खेपांचे गाव तक्त्यातून गळू नये म्हणून: एसक्यूएलमधील जॉइन आणि गटवार मोजणी

मराठवाड्यात उन्हाळा चढू लागला की टंचाईच्या कामात दोन प्रकारच्या नोंदी रोज वाढत जातात: कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा झाल्या आणि कोणत्या गावासाठी किती विहिरी अधिग्रहित केल्या. या नोंदी संगणकावर असतील, तर गावनिहाय तक्ता एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील एका क्वेरीने (माहिती मागणाऱ्या आज्ञेने) काढता येतो. मात्र टेबले जोडणे आणि गटवार मोजणे ही दोन्ही कामे एकाच क्वेरीत आली, की आकडे चुकण्याची शक्यता फार वाढते. क्वेरी सुरळीत चालते, त्रुटीचा संदेश येत नाही, तक्ता नीटनेटका दिसतो आणि तरीही त्यातला एखादा आकडा खोटा असतो. ज्या गावाला एकही खेप मिळाली नाही, ते गाव अशा तक्त्यातून सर्वांत आधी नाहीसे होते, आणि अधिकाऱ्याच्या नजरेस सर्वांत आधी पडायला हवे तेही तेच गाव असते.

समजण्यासाठी तीन टेबले घेऊ. ‘गावे’ या टेबलात गाव_क्र, नाव आणि तालुका_क्र हे रकाने आहेत. ‘खेपा’ या टेबलात खेप_क्र, गाव_क्र, दिनांक आणि लिटर. तर ‘विहिरी’ या टेबलात विहीर_क्र आणि गाव_क्र. नमुन्याच्या नोंदी कल्पित आहेत. वडगावला ४ खेपा आणि २ विहिरी, पिंपळगावला ३ खेपा आणि एकही विहीर नाही, खंडाळ्याला एकही खेप नाही पण ३ विहिरी आहेत; प्रत्येक खेप १२,००० लिटरची आहे. वाचनाच्या सोयीसाठी क्वेरी येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना आज्ञेचे शब्द रोमन लिपीत आणि अंक इंग्रजीतच द्यावे लागतात.

पहिला प्रयत्न बहुतेक जण असा करतात (गा आणि खे ही टेबलांची लघुनावे आहेत):

सिलेक्ट गा.नाव, काउंट(*)
फ्रॉम गावे गा
जॉइन खेपा खे ऑन खे.गाव_क्र = गा.गाव_क्र
ग्रुप बाय गा.गाव_क्र, गा.नाव

उत्तरात वडगाव ४ आणि पिंपळगाव ३ अशा दोनच ओळी येतात. साधा जॉइन दोन्ही टेबलांत जुळणी असलेल्याच ओळी ठेवतो, म्हणून खंडाळा गटवारी सुरू होण्यापूर्वीच बाहेर पडलेले असते. अशा प्रकारे काढलेला तक्ता मी एकदा पुढे पाठवला होता, आणि ‘आमचे गाव यात का नाही?’ हा एका ग्रामसेवकाचा प्रश्न आल्यावरच चूक माझ्या ध्यानात आली. तेव्हापासून मोजणी लिहिण्याआधी तक्त्यात किती ओळी यायला हव्यात, हे मी कागदावर लिहून ठेवतो.

उपाय म्हणून जॉइनच्या जागी लेफ्ट जॉइन लिहावा, म्हणजे डावीकडच्या ‘गावे’ टेबलातील प्रत्येक ओळ टिकते आणि जुळणी नसेल तेथे उजवीकडचे रकाने नल (म्हणजे मूल्यच नसलेले) राहतात. परंतु काउंट(*) तसाच ठेवला, तर खंडाळ्यासमोर १ हा आकडा येतो, कारण काउंट(*) ओळी मोजतो आणि खंडाळ्याची नलने भरलेली एक ओळ तेथे असतेच. न झालेली खेप झाली असे दाखवणारा हा आकडा गाव गळण्याइतकाच घातक आहे. काउंटच्या कंसात रकान्याचे नाव दिले, की तो त्या रकान्यातील नल सोडून मोजतो, म्हणून काउंट(खे.खेप_क्र) असे लिहावे. आता खंडाळ्यासमोर ० येतो. कंसात नेहमी उजवीकडच्या टेबलाचा मुख्य क्रमांकच द्यावा, कारण तो कधीही नल नसतो. लिटरचा रकाना दिला आणि एखाद्या खेपेचे लिटर नोंदवायचे राहिले असेल, तर ती खेप मोजणीतून सुटते.

यापुढची अडचण दिनांकाच्या अटीची आहे. केवळ मे महिन्याच्या खेपा हव्यात म्हणून कोणी व्हेअरमध्ये (ओळी गाळणाऱ्या अटीत) खे.दिनांक >= '२०२४-०५-०१' असे लिहितो, आणि मोठ्या कष्टाने परत आणलेले खंडाळा पुन्हा जाते. व्हेअर जोडणीनंतर लागू होतो. नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर ‘अज्ञात’ असते, आणि अट खरी ठरलेलीच ओळ व्हेअर पुढे जाऊ देतो. त्यामुळे लेफ्ट जॉइन लिहूनही परिणाम साध्या जॉइनचाच होतो. उजवीकडच्या टेबलावरची अट ऑनमध्ये लिहावी:

लेफ्ट जॉइन खेपा खे
ऑन खे.गाव_क्र = गा.गाव_क्र
अँड खे.दिनांक >= '२०२४-०५-०१'
अँड खे.दिनांक < '२०२४-०६-०१'

शेवटच्या अटीत ३१ मे ऐवजी १ जूनपेक्षा लहान असे मुद्दाम लिहिले आहे, कारण रकान्यात दिनांकासोबत वेळही साठवलेली असेल, तर ‘३१ मे पर्यंत’ या अटीत त्या दिवशी मध्यरात्रीनंतर झालेल्या सर्व खेपा वगळल्या जातात. मोजणीच्या निकालावर अट हवी असेल, उदाहरणार्थ एकही खेप न झालेली गावेच पाहायची असतील, तर ती गटवारीनंतर चालणाऱ्या हॅविंगमध्ये द्यावी: हॅविंग काउंट(खे.खेप_क्र) = ०.

ग्रुप बायमध्ये गावाच्या नावाबरोबर गाव_क्र का लिहिला, याचे उत्तर मराठवाड्याच्या नकाशातच आहे. वडगाव आणि पिंपळगाव ही नावे किती तालुक्यांत सापडतील! तालुक्यांचेही तसेच आहे: बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ. नोंदीत दोन्हीकडे नुसते ‘शिरूर’ असेल आणि गटवारी नावावर केली असेल, तर दोन जिल्ह्यांचे आकडे एका ओळीत मिसळतात. गटवारी क्रमांकावर करावी आणि नाव केवळ दाखवण्यासाठी सोबत ठेवावे. सिलेक्टमधील जो रकाना मोजणीत नाही, तो ग्रुप बायमध्येही लिहावा; मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ५.७ आवृत्तीच्या आधी मूळ मांडणीत या नियमाची सक्ती नव्हती आणि गटातील कोणतेही एक मूल्य समोर येत असे.

आता सर्वांत फसव्या चुकीकडे वळू. त्याच क्वेरीत ‘विहिरी’ हे टेबलही लेफ्ट जॉइनने जोडले, तर वडगावच्या ४ खेपांपैकी प्रत्येक खेप २ विहिरींपैकी प्रत्येकीशी जोडली जाते आणि ८ ओळी तयार होतात. खेपा ८ दिसतात, विहिरीही ८ दिसतात आणि ४८,००० लिटर पाणी ९६,००० लिटर होते. पिंपळगाव आणि खंडाळा यांचे आकडे मात्र बरोबर येतात, कारण त्यांच्याकडे दोहोंपैकी एकाच प्रकारच्या नोंदी आहेत. तपासणीसाठी नेमके असे गाव निवडले, तर क्वेरी निर्दोष वाटते. काउंट(डिस्टिंक्ट खे.खेप_क्र) लिहून खेपांचा आकडा सुधारता येतो, पण लिटरच्या बेरजेला हा उपाय लावू नये: सम(डिस्टिंक्ट खे.लिटर) सारख्या किमती एकदाच धरतो, आणि वडगावच्या चारही खेपा १२,००० लिटरच्या असल्यामुळे बेरीज केवळ १२,००० येते.

खात्रीचा मार्ग असा, की प्रत्येक टेबलाची मोजणी आधी स्वतंत्रपणे करून गावामागे एकच ओळ शिल्लक ठेवावी आणि त्यानंतर जोडणी करावी (विथ अशा मधल्या उत्तराला तात्पुरते नाव देतो):

विथ ख ॲज (
सिलेक्ट गाव_क्र, काउंट(*) ॲज खेपा, सम(लिटर) ॲज लिटर
फ्रॉम खेपा
व्हेअर दिनांक >= '२०२४-०५-०१' अँड दिनांक < '२०२४-०६-०१'
ग्रुप बाय गाव_क्र),
व ॲज (
सिलेक्ट गाव_क्र, काउंट(*) ॲज विहिरी
फ्रॉम विहिरी
ग्रुप बाय गाव_क्र)
सिलेक्ट गा.नाव, कोअलेस(ख.खेपा, ०), कोअलेस(ख.लिटर, ०), कोअलेस(व.विहिरी, ०)
फ्रॉम गावे गा
लेफ्ट जॉइन ख ऑन ख.गाव_क्र = गा.गाव_क्र
लेफ्ट जॉइन व ऑन व.गाव_क्र = गा.गाव_क्र

येथे दिनांकाची अट व्हेअरमध्ये निर्धोक आहे, कारण ती जोडणीच्या आधी लागते आणि तोवर नल ओळ निर्माणच झालेली नसते. काउंट(*) सुद्धा चालतो, कारण आत प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रत्यक्ष खेप आहे. बाहेर एका गावाची एका गावाशीच गाठ पडते, त्यामुळे गुणाकार होत नाही. नलचे शून्य कोअलेस करतो. मायएसक्यूएलमध्ये विथ ही सोय ८.० पासून आहे. जुन्या आवृत्तीत हेच दोन भाग फ्रॉममध्ये उपक्वेरी म्हणून लिहावेत. तालुकानिहाय गोषवारा हवा असेल, तर याच जोडणीवर गा.तालुका_क्र ने गटवारी करावी आणि खेपा न मिळालेली गावे सम(केस व्हेन ख.खेपा इज नल देन १ एल्स ० एंड) असे लिहून मोजावीत.

तक्ता पुढे पाठवण्यापूर्वी दोन पडताळण्या कराव्यात. उत्तरातील ओळींची संख्या ‘गावे’ टेबलातील ओळींइतकी असली पाहिजे, आणि खेपांच्या रकान्याची बेरीज त्याच मुदतीतील ‘खेपा’ टेबलाच्या एकूण ओळींशी जुळली पाहिजे. बेरीज जास्त आली, तर कोठेतरी गुणाकार झाला आहे. कमी आली, तर काही खेपांना गावच सापडलेले नाही. त्या शोधण्यासाठी जोडणीची बाजू उलटवावी:

सिलेक्ट खे.*
फ्रॉम खेपा खे
लेफ्ट जॉइन गावे गा ऑन गा.गाव_क्र = खे.गाव_क्र
व्हेअर गा.गाव_क्र इज नल

उजवीकडच्या टेबलावरची अट व्हेअरमध्ये ठेवणे येथे मुद्दाम केलेले आहे, कारण जुळणी न झालेल्याच ओळी पाहायच्या आहेत. त्यांत चुकीने टाइप झालेले क्रमांक निघतील, आणि महसुली गावांच्या यादीत स्वतंत्र नोंद नसलेल्या वाड्या-तांड्यांवर झालेल्या खेपाही निघतील. या दुसऱ्या प्रकारच्या खेपा काढून टाकून बेरीज जुळवू नये. त्या वाडीला किंवा तांड्याला ‘गावे’ टेबलात स्वतःची ओळ द्यावी आणि क्वेरी पुन्हा चालवावी.